पळून न जाण्याची गोष्ट

गेल्या दसऱ्याच्या दिवसांत हिंगोलींत एका स्नेह्यांच्या ओसरीवर आम्ही बसलों होतों. रामलीला मैदानाकडून प्रदर्शनाच्या पाळण्यांचा व कर्ण्यांचा गलका ऐकूं येत होता. अशा वेळीं बोलणें चित्रपटांवर आलें नसतें तरच नवल. मंडळींतील एका तरुण मित्रानें बोलतां बोलतां एक विधान केलें, आणि तें इतक्या सहजपणें केलें कीं, त्याचा प्रतिवाद करावयाचें आम्हांस त्या क्षणीं सुचलेंच नाहीं. तो म्हणाला, "शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ थोर खरा, पण आतां तो पाहतो कोण? तीच कथा पुढें रंगांत आली, मोठा नट घेऊन आली, परभाषेंतल्या लोकांपर्यंत पोंचली. मग पुनर्निर्मितीस कमी लेखण्याचें कारण काय? शेवटीं तुरुंगांतून पळण्याची गोष्ट ती. जो अधिक चांगला रंगवील त्याची."

घरीं परततांना या वाक्याचा शेवटचा तुकडा आमच्या मनांत कुसळासारखा रुतून बसला. तुरुंगांतून पळण्याची गोष्ट! आमच्या मित्रानें मूळ चित्रपट पाहिला होता. त्यानें पुनर्निर्मितीहि पाहिली होती. आणि तरीहि दोहोंचें वर्म त्याच्या हातून निसटलें होतें. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. हल्लीं जुन्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्यांवर जी चर्चा चालते, ती बहुधा छायालेखन कसें, नट कसा, गाणीं कशीं, एवढ्यावरच चालते. गोष्टींत पणाला काय लागलें होतें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तो विचारावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

प्रथम एक खुलासा. ‘औंधचा प्रयोग’ असे शब्द आमच्या जिल्ह्यांत उच्चारले कीं ऐकणाऱ्याचें लक्ष आपल्या औंढा नागनाथाकडे जातें. तें स्वाभाविक आहे. पण हें औंध निराळें. साताऱ्याकडील पंतप्रतिनिधींचें औंध संस्थान तें. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधि तेथील राजे होते. त्यांनीं १९३९ च्या जानेवारींत, गांधीजींच्या सल्ल्यानें, आपली सत्ता प्रजेच्या हातीं सोंपविणारी राज्यघटना जाहीर केली. याच संस्थानांत मॉरिस फ्रीडमन नांवाचे एक पोलिश यंत्रविशारद येऊन राहिले होते. त्यांच्या पुढाकारानें, राजपुत्र आप्पासाहेब पंतांच्या व खुद्द राजेसाहेबांच्या पाठबळानें, त्याच वर्षीं आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची एक वसाहत उभी राहिली. भिंत नाहीं, बेडी नाहीं. गंभीर गुन्ह्यांबद्दल शिक्षा झालेलीं माणसें तेथें शेती करूं लागलीं. वसाहतीचें नांव स्वतंत्रपूर. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, पण ही वसाहत उरली. ती आजहि महाराष्ट्राच्या तुरुंगखात्याकडे असून सांगली जिल्ह्यांत चालू आहे.

या भूमींतच ग. दि. माडगूळकर वाढले. त्यांचें माडगूळ औंध संस्थानांतलें, शिक्षणहि त्याच मुलुखांत झालें. त्यांच्या लेखणींतून कथा आली, आणि शांतारामांनीं ‘राजकमल’च्या झेंड्याखालीं १९५७ सालीं ती पडद्यावर आणली. संगीत वसंत देसाईंचें, छायालेखन जी. बाळकृष्ण यांचें, आणि जेलर आदिनाथाची भूमिका खुद्द शांतारामांची. चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें; पुढील वर्षीं बर्लिनच्या महोत्सवांत रौप्य अस्वलाचा मानहि मिळाला. बैलाच्या झुंजीचें दृश्य घेतांना शांतारामांच्या डोळ्यांस इजा झाली आणि कांहीं काळ दृष्टीचीच भीति निर्माण झाली. ज्या चित्रपटाच्या नांवांतच डोळे आहेत, त्याच्या कर्त्यावर असा प्रसंग यावा, हा एक विलक्षण योगायोग.

कथा सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. सहा खुनी कैद्यांस आदिनाथ तुरुंगाबाहेर एका उजाड जागीं घेऊन जातो. त्यांच्याकडून जमीन कसवितो, भाजी पिकवितो, ती बाजारांत रास्त भावानें विकावयास लावतो. त्यामुळें ज्यांच्या नफ्यास धक्का लागतो ते व्यापारी चवताळतात. शेवटीं अंगावर सोडलेल्या उन्मत्त बैलाशीं झुंजतां झुंजतां आदिनाथ मरतो. त्या सहा जणांस अडवून धरणारें आतां कोणी नसतें, आणि तरीहि ते राहतात.

आतां आमच्या मित्राच्या वाक्याकडे पाहूं. पळून जाण्याच्या गोष्टींत प्रेक्षक श्वास रोधून जो प्रश्न विचारतो, तो असा: हा निसटेल काय? ‘दो आँखें’मध्यें प्रश्न उलटा आहे: हे निसटत कां नाहींत? कुंपण नाहीं, पहारा नाहीं, माळ उघडा पडलेला. पहिल्या दिवसापासून पळण्यास वाट मोकळी आहे. इतर चित्रपटांत भिंत पहिल्याच दृश्यांत उभी असते व शेवटीं ओलांडली जाते. येथें ती आरंभीं मुळींच नसते, आणि पाहतां पाहतां त्या सहा माणसांच्या आंत एकेक वीट रचली जाऊन उभी राहते. म्हणून हा सुटकेचा चित्रपट नव्हे. सुटकेच्या चित्रपटाचें तें आंतलें अस्तर बाहेर काढून दाखविलेलें आहे. ही गोष्ट ज्यास कळली नाहीं त्यानें तिला रंग लावूं नये, इतकेंच आमचें म्हणणें.

परदेशींचीं दोन उदाहरणें घेतलीं तर हें अधिक स्पष्ट होईल. रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा मृत्युदंड झालेल्या एका कैद्याच्या सुटकेवरील चित्रपट १९५६ सालचा, म्हणजे आमच्या चित्रपटाच्या एकच वर्ष आधींचा. कैदी पळून गेला, हें ब्रेसाँ चित्रपटाच्या नांवांतच सांगून टाकतो! मग पाहावयाचें काय उरतें? उरतो तो एक चमचा, दगडावर घासून त्याची केलेली पटाशी, आणि कोठडीच्या दाराच्या फळ्या तासन्‌तास सैल करणारे दोन हात. ब्रेसाँ स्वतः जर्मनांच्या कैदेंत राहिलेला गृहस्थ. त्यास ठाऊक होतें कीं सुटका म्हणजे भिंतीवरची उडी नव्हे, सुटका म्हणजे उडीपूर्वींचे दिवस.

दुसरें उदाहरण मराठी घरांतून अधिक परिचयाचें आहे. आंरी शारिएरचें ‘पॅपिलॉन’ हें पुस्तक रवींद्र गुर्जर यांच्या अनुवादामुळें आमच्याकडील कित्येक कपाटांतून आढळतें. शारिएरनें सांगितलेलें सारेंच त्याच्यावर गुदरलेलें होतें किंवा नव्हतें, याविषयीं वाद आहेत. त्यांत आम्ही शिरत नाहीं. १९७३ सालीं फ्रँकलिन शॅफ्नरनें त्यावर चित्रपट केला. स्टीव्ह मॅक्वीन व डस्टिन हॉफमन त्यांत होते. २०१७ सालीं मायकेल नोअरनें तोच विषय पुन्हां घेतला. या वेळीं चार्ली हनम व रामी मॅलेक आले. नवा चित्रपट टाकाऊ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मॅलेकनें रंगविलेला भेदरलेला डेगा आम्हांस आवडलाहि. पण दोघांचा आरंभ पाहा. जुन्या चित्रपटांत कैद्यांचा तांडा जहाजाकडे हाकला जातो, आणि नायक कोण, कोठला, हें आपणांस त्या तांड्यांतूनच शोधावें लागतें; शिक्षेनें त्यास आधींच नाममात्र करून टाकलेलें असतें. नवा चित्रपट १९३१ च्या पॅरिसमधील रंगेल रात्रीपासून निघतो, नायकाचें रूप, धाडस, प्रेयसी, सारें दाखवितो, आणि शेवटीं हस्तलिखित घेऊन तोच नायक १९६९ मध्यें प्रकाशकाच्या दारीं उभा करतो. म्हणजे मधली अंधारकोठडी हा एका यशस्वी ग्रंथकाराच्या चरित्रांतील दुःखद अध्याय झाला! जुन्यांत ती कोठडीच चित्रपट होती. नारळ पाठविणाऱ्या मित्राचें नांव सांगितलें तर अन्न मिळेल, न सांगितलें तर अर्धें अन्न व पुरा अंधार, असा सौदा समोर असतां मॅक्वीनचा पॅपिलॉन जें मौन धरतो, त्या मौनाला पॅरिसची पार्श्वभूमि कशाला हवी? जो माणूस कोणीहि असूं शकला असता, त्यानें नांव सांगितलें नाहीं, हेंच तर त्यांतील बळ.

आतां आपल्या घरच्या पुनर्निर्मितीकडे येऊं. १९७५ सालीं मद्रासकडे के. शंकर यांनीं ‘पल्लांडु वाळ्ग’ हा तमिळ चित्रपट केला. जेलरच्या भूमिकेंत एम. जी. रामचंद्रन, खेळणीं विकणारीच्या भूमिकेंत लता. पुढच्याच वर्षीं तेलुगूंतहि ही कथा ‘मा दैवम्’ या नांवानें एन. टी. रामारावांस घेऊन आली. तमिळ चित्रपट आम्हीं पाहिला. भाषा येत नाहीं, पण मूळ पाठ असल्यामुळें अडलें नाहीं. चित्रपट नेटका आहे, रंगीत आहे, वेगवान आहे. आमच्या मित्राचा निम्मा दावा आम्ही येथेंच मान्य करून टाकतों.

परंतु नांवापासूनच पाहा. मूळ चित्रपटाच्या नांवांत मोजदाद आहे: दोन डोळे, बारा हात. त्यांत कोणाचेंहि नांव नाहीं, कोणाचा गौरव नाहीं. तमिळ नांवाचा अर्थ ‘दीर्घायुषी व्हा’ असा आहे. तेलुगूचा अर्थ ‘आमचें दैवत’. ज्या कथेचा आधार नायकाचा मृत्यु हा आहे, तिला दीर्घायुष्याच्या आशीर्वादाचें नांव! कथेचें गुरुत्व कोठून कोठें सरकलें, हें सांगावयास याहून वेगळा पुरावा कशाला पाहिजे?

एम. जी. रामचंद्रन यांचें मोठेपण आम्ही नाकारीत नाहीं. १९७२ सालीं त्यांनीं स्वतःचा पक्ष काढला होता, १९७७ सालीं ते मुख्यमंत्री झाले. मधल्या १९७५ सालीं पडद्यावर जेलर म्हणून ते उभे राहिले, तेव्हां समोरच्या लोकांनीं जेलर पाहिला नाहीं, आपला नेता पाहिला. त्यांच्यासमोरच्या कैद्यांत नंबियार व वीरप्पा हे नट आहेत. या दोघांनीं वर्षानुवर्षें त्यांच्याच हातून पडद्यावर पराभव पत्करलेला. प्रेक्षागृहांतील पोरासहि ठाऊक कीं शेवटीं हे नमणार. मग आदिनाथाच्या जागीं आलेल्या त्या जेलरनें पणाला लावलें तें काय? ज्याच्याविषयीं कोणासच शंका नाहीं, त्याच्या धैर्यास धैर्य म्हणतां येत नाहीं. शांतारामांचा आदिनाथ हा एक किरकोळ सरकारी नोकर आहे. वरिष्ठ त्याच्याकडे संशयानें पाहतात, त्याची युक्ति त्यांस वेडगळ वाटते, आणि आपणांसहि मधून मधून वाटतें कीं हा फसणार. बाबूराव पेंढारकरांनीं रंगविलेला तुरुंगाधिकारी त्यास जें सांगतो तें शहाण्या माणसाचें बोलणें आहे. आपण त्याच्या जागीं असतों तर तेंच बोललों असतों. म्हणूनच त्या दोन डोळ्यांची कसोटी होते.

आमच्या जिल्ह्यांतील एक आख्यायिका येथें आठवते. नर्सीचे नामदेव औंढ्याच्या देवळापुढें कीर्तनास उभे राहिले, पुजाऱ्यांनीं त्यांस मागल्या बाजूस घालविलें, आणि देऊळच फिरून नामदेवांच्या सन्मुख झालें, असें सांगतात. भक्ताच्या बाबतींत हें शोभतें. पण चित्रपटांत नटासमोर सारें देऊळ फिरवून ठेवलें, कीं फिरावयास कोणी उरतच नाहीं. मूळ कथेंत फिरलीं पाहिजेत तीं सहा माणसें. तीं फिरतात किंवा नाहीं, एवढीच ती कथा आहे.

"म्हणजे जुन्याची पुन्हां मांडणीच करूं नये कीं काय?" असा प्रश्न कोणी विचारील. असें म्हणण्याइतके आम्ही अडाणी नाहीं. ज्या रंगभूमीचा पाया अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं कालिदासाचें शाकुंतल मराठींत आणून घातला, तिच्या वारसांनीं पुनर्निर्मितीस नाकें मुरडणें हा कृतघ्नपणा होईल. आणि सुटकेच्या गोष्टींविषयीं तर महाराष्ट्रानें बोलूंच नये! १६६६ सालीं महाराज आग्र्याहून सुटले, तेव्हांपासून आजपर्यंत शाळांच्या संमेलनांत मिठाईचे पेटारे किती वेळां निघाले असतील याची गणती नाहीं. पुठ्ठ्याचे पेटारे, सुतळीची मिशी, पहारेकरी झालेला सातवीचा विद्यार्थी हटकून हसतो. तरी आम्ही टाळ्या वाजवितों, आणि हा प्रयोग मुळास उतरला काय, असें विचारीत नाहीं. कां? कारण त्या पोरांनीं मुळाची जागा घेण्याचा दावा केलेला नसतो. तीं मुळाकडे बोट दाखवितात. आमचा वाद बोट दाखविणाऱ्यांशीं नाहीं. मुळाच्या आड उभें राहून ‘आतां हेंच पाहा, तें जुनें झालें’ म्हणणाऱ्यांशीं आहे. काळापांढरा चित्रपट तरुणांस पाहवत नाहीं, ही सबब आम्हांस मुळींच पटत नाहीं. तरुणांस जें दाखविलेंच नाहीं, तें त्यांस पाहवत नाहीं असें ठरविणारे आपण कोण?

येथवर लिहून आम्ही लेखणी ठेवली असती, तर आमचें काम सोपें झालें असतें. मूळ थोर, नक्कल उणी, मराठी श्रेष्ठ, इतर कनिष्ठ, वाचकहि खूष. पण हा विषय इतका सरळ नाहीं, आणि त्याची अडचण आमच्याच अंगणांत आहे. खरें पाहूं गेल्यास ‘दो आँखें बारह हाथ’ हा मूळ नव्हेच. तोहि एक पुनर्निर्मितीच आहे. मूळ आहे तें स्वतंत्रपूर.

मग जो सवाल आम्ही मद्रासला केला, तोच मुंबईस केला पाहिजे: हा मुळास उतरला काय?

स्वतंत्रपुरांत कैदी आपल्या बायकामुलांसह राहतात. या एका वाक्यावर वाचकांनीं क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. खुनाच्या शिक्षेंतील माणूस संध्याकाळीं शेतावरून आपल्या खोलीकडे परततो, तेथें चूल पेटलेली असते, पोर अभ्यासाला किंवा भांडायला बसलेलें असतें. हा पळत कां नाहीं? याचें उत्तर कोणाच्या डोळ्यांत शोधण्याची गरजच नाहीं. त्याला जेथें पळून जावयाचें होतें तें घरच त्याच्याजवळ आलेलें आहे. प्रयोगाची सारी बुद्धि या साध्या व्यवस्थेंत आहे. माणसाला बांधून ठेवणारी गोष्ट तुरुंगानें तोडलेली असते. ती परत जोडून द्यावी, आणि मग बेडीचा खर्च वांचतो.

चित्रपटानें काय केलें? बायका काढून टाकल्या, मुलें काढून टाकलीं. त्यांच्या जागीं खेळणीं विकणारी एक चंपा आली, जी माळरानावर नाचते व गाते. संध्याबाईंचें काम जिवंत आहे, तिच्या खेळण्यांचा नाद कानांत राहतो, पण संसाराच्या जागीं नृत्य आलें हें खरेंच. आणि व्यवस्थेच्या जागीं काय आलें? एका महात्म्याचे डोळे! सहा जण पळावयास निघाले कीं ते डोळे आडवे येतात आणि त्यांस परत ओढून आणतात. पडद्यावर हें फार परिणामकारक दिसतें, आमच्याहि अंगावर शहारे आले आहेत. पण यांत स्वतंत्रपूरचा अर्धा अर्थ सांडला. फ्रीडमन तर कथेंतून साफ नाहींसे झाले. त्यांनीं त्याची खंत केली असेल असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. हाच मनुष्य पुढें मुंबईंत निसर्गदत्त महाराजांच्या पायांशीं जाऊन बसला, त्यांच्या मराठी संवादांचें इंग्रजी पुस्तक करून त्यानें तें १९७३ सालीं जगापुढें ठेवलें, आणि १९७६ सालीं तेथेंच देह ठेवला. स्वतःचें नांव पुसून टाकण्याची त्याला जणुं हौसच होती.

तेव्हां न्यायानें बोलावयाचें तर असें: एम. जी. आर. यांच्या चित्रपटानें जो प्रमाद केला, त्याचें बीज शांतारामांच्या चित्रपटांतच होतें. व्यवस्थेचा प्रयोग त्यांनीं व्यक्तीचा चमत्कार केला; पुढच्यांनीं चमत्काराचें दैवत केलें. उतरंड एकच आहे. मग आम्ही शांतारामांस वर व त्या पुढच्यांस खालीं कां ठेवतों? ही केवळ मराठीपणाची माया तर नव्हे? आम्हीं स्वतःस हा प्रश्न विचारून पाहिला, आणि उत्तर चित्रपटाच्या शेवटींच सांपडलें. शांतारामांनीं आदिनाथास मारलें. डोळे मिटल्यावर बारा हात थांबतात कीं चालत राहतात, ही परीक्षा त्यांनीं टाळली नाहीं. जो चमत्कार त्यांनीं उभा केला, तो स्वतःच्या हातानें मोडून त्यांनीं विचारलें: आतां काय? ते सहा जण राहतात, काम करतात. त्या क्षणापुरता चित्रपट पुन्हां स्वतंत्रपूरला जाऊन मिळतो, कारण स्वतंत्रपूरहि राजे गेल्यावर, फ्रीडमन गेल्यावर, संस्थानच नाहींसें झाल्यावर चालत राहिलें. नक्कल मुळास उतरते ती अशी, सर्वांगानें नव्हे, एखाद्याच जागीं. पण ती जागा वर्माची असावी लागते.

हा सारा काथ्याकूट चित्रपटरसिकांच्या फुरसतीचा आहे, असें ज्यांस वाटत असेल, त्यांच्यापुढें आम्ही एक आंकडा ठेवतों. २०२२ च्या अखेरीस भारताच्या तुरुंगांत सुमारें ५ लक्ष ७३ हजार माणसें होतीं. त्यांपैकीं ४ लक्ष ३४ हजारांहून अधिक, म्हणजे शेंकडा सुमारें ७६, हीं ज्यांचा निकालच लागलेला नाहीं अशीं होतीं. खुला तुरुंग हा शिक्षा झालेल्या व वर्तन चांगलें ठरलेल्या कैद्यांसाठीं असतो. म्हणजे ज्याचा अपराध सिद्ध झाला त्यास माळावरची मोकळी हवा मिळण्याची आशा आहे, आणि ज्याचा सिद्धच झालेला नाहीं तो भिंतीआड! आमच्या मराठवाड्यांत पैठणला खुला तुरुंग आहे. गोदावरीच्या कांठीं कैदी शेती करतात, हें किती सुशिक्षित कुटुंबांस ठाऊक आहे? आमच्या ओसरीवरील दहा मंडळींपैकीं दोघांस होतें. ‘दो आँखें’मधील प्रार्थना मात्र दहाहि जणांस तोंडपाठ होती.

हें असें कां व्हावें? आमच्या मतें याचें कांहीं उत्तरदायित्व या दैवतांच्या चित्रपटांवर आहे. सुधारणा म्हणजे कोणी थोर पुरुष यावा, त्यानें करुणार्द्र नजरेनें पाहावें आणि दुष्टांनीं पायांवर लोळण घ्यावी, ही समजूत त्यांनीं आमच्या मनांत इतकी रुजविली आहे कीं, थोर पुरुष येईपर्यंत कांहीं करावयाचें नसतें असें आम्ही धरून चालतों. पुढें १९८६ च्या ‘कर्मा’मध्यें दिलीपकुमारांचा तुरुंगाधिकारी कैद्यांस बाहेर काढतो तो शेती करावयास नव्हे, शत्रूवर सूड घ्यावयास, आणि त्याच १९७५ सालच्या ‘शोले’मधील ठाकूर दोघां तुरुंगवासीयांस गांवीं आणतो तोहि सूडासाठींच. या चित्रपटांची करमणूक आम्हीं पुरेपूर लुटलेली आहे, तेव्हां साळसूदपणा करीत नाहीं. पण कैदी म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी मोठेपणाचें अवजार, हा धागा सर्वांतून एकच आहे. बारा हातांच्या मालकांस स्वतःची गोष्ट नाहीं; ती असावी असें कोणास वाटलेंहि नाहीं. स्वतंत्रपूरच्या चुलीपाशीं बसलेल्या बाईची गोष्ट कोणी लिहिली असती, तर ती ‘दो आँखें’ची खरी पुनर्निर्मिति झाली असती. तिची आम्ही वाट पाहत आहों. आणि ती काळीपांढरी असली काय, रंगीत असली काय, आमची तक्रार नाहीं.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं तो त्या तरुण मित्रास वाचून दाखविला. त्यानें शेवटपर्यंत ऐकून घेतलें. शांतारामांविषयींचा भाग आल्यावर तो थोडा सुखावलेला दिसला, एम. जी. आर. यांच्यावर आम्हीं अन्याय केला, असें मात्र त्याचें मत कायम आहे. तमिळ प्रेक्षक त्या चित्रपटांत काय पाहत होता, हें तमिळ न जाणणाऱ्यानें ठरवूं नये, असें तो म्हणाला, आणि या मुद्द्यावर आम्हांस गप्प बसावें लागलें. पुढल्या दसऱ्यास वाचनालयाच्या सभागृहांत दोन्ही चित्रपट लागोपाठच्या संध्याकाळीं दाखवावे अशी त्याची सूचना आहे. आम्ही संमति दिली आहे. पहिल्या दिवशीं कोणता लावावयाचा, यावर अजून एकमत झालेलें नाहीं.